थोडं बिघडवावं लागतं

"एकीसाठी अख्खं वेळापत्रक ढवळायचं नाही, बाई," प्राचार्य म्हणाले. "तिला एक पेपर पुढच्या वर्षी देऊ दे."

"उद्या दुपारपर्यंत थांबा, सर," बाई म्हणाल्या.

कॉलेजच्या परीक्षांचं वेळापत्रक तीस वर्षं त्याच लावत होत्या. चौसष्ट विषयांच्या चौसष्ट चिठ्ठ्या टेबलावर सरकवत बसायचं. कुणाचेही दोन पेपर एकाच वेळी यायला नकोत, एवढीच अट. यंदा सगळं जमलं होतं, फक्त एका मुलीचे संगीत आणि संख्याशास्त्र एकाच सकाळी आले होते. अशी जोडी दुसऱ्या कुणी घेतलीच नव्हती.

संध्याकाळी लेकीने कॉम्प्युटर उघडला. तिचं शिक्षण त्यातलंच.

"हा दोन पेपरांची अदलाबदल करून बघतो, आई. टक्करी कमी झाल्या तर ठेवतो, नाहीतर जैसे थे."

"म्हणजे माझ्यासारखाच."

आकडा भराभर उतरला आणि एकावर अडला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा एकच.

"याहून चांगलं नसेलच गं," लेक म्हणाली.

"ते त्याला कुठे ठाऊक? सुधारत असेल तरच पाऊल टाकतो तो. मी अडले की एखादी चिठ्ठी मुद्दाम भलतीकडे टाकते. कपाट आवरताना आधी पसारा होतोच की. त्याला थोडं बिघडवू दे."

"थोडं म्हणजे किती?"

"तुझे बाबा चालवून घेतील इतपत."

"ऐकतोय मी," भांडी पुसता पुसता बाबा म्हणाले.

लेकीने नियम बदलला. कधीमधी वाईट बदलही पत्करायचा, पुढे पुढे मात्र कमी. आकडा एकदम एकेचाळीसवर गेला. थांबवायला तिचा हात पुढे झाला, तो बाईंनी मनगटाशी धरला.

"जरा दम धर."

सतरा. नऊ. दोन. परत पाच. बाबा फडकं घेऊन मागे येऊन उभे राहिले. मग शून्य.

बाईंनी चष्मा लावला आणि यादीतल्या एकेका मुलाचे पेपर हाताने पडताळले.

दुसऱ्या दिवशी सही करताना प्राचार्य म्हणाले, "कॉम्प्युटरनं केलेलं दिसतंय."

"लेकीनं केलं," बाई म्हणाल्या.

संगीताच्या पेपरला बाई सूचनाफलकापाशी उभ्या होत्या. एक मुलगी धापा टाकत आली. तिच्या हातातल्या प्रवेशपत्रावरचा नंबर बाईंना तोंडपाठ होता.

"मॅडम, खोली नंबर सात कुठे आहे?"

"वर जाऊन डावीकडे. वेळ आहे अजून, सावकाश जा."

मुलगी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. फलकावरच्या वेळापत्रकाचा एक कोपरा सुटला होता. बाईंनी तो अंगठ्याने दाबून बसवला.