मागून बसलेली गाडी

अमडापूरच्या शालिग्रामभाऊंना गाडीचं बूड वाचता येत असे. स्टँडवरच्या चहाच्या टपरीत बसून समोरून जाणाऱ्या पिकअपकडे एक नजर टाकली की ते सांगत, "कांदा हाय." किंवा, "वरून कडबा दिसते, पण खाली सिमेंट हाय. स्प्रिंगचे पाटे पाह्य ना कसे सपाट झाले." ते स्वतः भाजीची पिकअप चालवत, त्यामुळे त्यांना अधिकार होता. "मानसाचं तोंड खोटं बोलते, गाडीचं बूड नाही बोलत," हे त्यांनी गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं की गावातली पोरंही आता बूड वाचू लागली होती. ज्ञान वाटल्याने वाढतं म्हणतात. पुढे काय होतं, ते कोणी सांगत नाही.

मुलाच्या, ऋत्विकच्या, साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, भाऊंनी माइक हातात घेतला. माइक त्यांना कोणी दिला नव्हता. "आम्हाले फक्त नारळ अन् पोरगी पाहिजे," ते म्हणाले. "बाकी चमचा जरी आला, तं वापस धाडीन." टाळ्या पडल्या. साखरखेर्ड्याचे व्याही उत्तमराव डोळे पुसताना दिसले. गावात परतल्यावर उत्सव कमिटीचे अध्यक्ष मोतीराम यांनी भाऊंचा सत्कार केला आणि गावाच्या तोंडाशी, गतिरोधकाजवळ, भाऊंचा फ्लेक्स लागला. त्यावर 'समाजभूषण' असं छापलं होतं. त्याहून मोठा शब्द बसत नव्हता.

लग्न झालं. सून मांडवपरतणीला माहेरी गेली, तेव्हा एका दुपारी भाऊंनी व्याह्यांना फोन केला. "चमचा नको म्हणलो, तो शब्द कायम हाय," ते म्हणाले. "पण पोरीच्या वापरातलं पोरीनं आनलं, तं त्याले कोनी घेनं म्हनत नाही." मग वापरातलं म्हणजे काय, याचा घोटाळा नको म्हणून त्यांनी नावंही सांगितली: फ्रीज, लोखंडी कपाट, दिवाण, घरघंटी. अर्पिता ही आपली लहानखुरी मुलगी एकटी एवढं सगळं वापरते, हे उत्तमरावांना त्याच दिवशी कळलं.

अर्पिताला आणायला भाऊ पिकअप घेऊन निघाले, ते मागे दोन चाकांची एक ट्रॉली जोडूनच. सोबत फुलकोबीचे कॅरेट होते. साखरखेर्ड्याला फुलकोबी मिळत नाही असं नाही. ती परत अमडापूरलाच आणायची होती.

माल त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली लावून घेतला. दिवाण आणि घरघंटी पिकअपच्या हौद्यात. कपाट आणि आडवा केलेला फ्रीज ट्रॉलीच्या अगदी पुढच्या टोकाला, पिकअपला खेटून, वर ताडपत्री. ट्रॉलीच्या मागच्या अर्ध्यात नुसते कोबीचे कॅरेट, म्हणजे मागून येणाऱ्याला भाजीच दिसावी. आयुष्यभर लोकांना सांगत आलेला माणूस, की ट्रॉलीत वजन चाकावर ठेवा, पुढे ठेवाल तर सगळा भार जोडणीच्या हुकावर येतो आणि ओढणारी गाडी मागून बसते. पण त्या दिवशी भाऊंना वजनाची नाही, नजरेची काळजी होती.

उत्तमरावांनी जाताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीकडे बघून म्हणाले, "व्याही, गाडी जरा मागं बसल्यासारखी वाटते."

"नवीन पाटे टाकले," भाऊ म्हणाले. "बसून राह्यले."

रस्त्याला लागल्यावर गाडीने तोंड वर केलं. स्टिअरिंग इतकं हलकं झालं की ते फिरवल्यावर गाडी आधी विचार करी, मग वळे. खड्डा आला की मागून हूक रस्त्यावर घासल्याचा आवाज येई, आणि प्रत्येक आवाजाला भाऊ आरशात पाहत. अर्पिता शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

वाटेत पाट्यांचं काम करणाऱ्याचं एक दुकान दिसलं. भाऊंनी गाडी थांबवली.

"एक पाटा वाढवून दे बरं लवकर."

तो खाली वाकला, वर आला. "लोड उतरवा लागंल."

"उतरवता नाही येत. भाजी हाय."

त्याने ताडपत्रीकडे पाहिलं, मग कोबीकडे. "कोबी एवढी जड काऊन?"

"ओली हाय," भाऊ म्हणाले.

शेवटी त्यांनी अ‍ॅक्सल आणि चासीच्या मधे लाकडी गुटके ठोकून घेतले. गाडी वीतभर वर आली. पण आता पाट्यांना हलायला जागाच उरली नाही, त्यामुळे लहानसा खडाही थेट दाढेत लागे. पुढच्या मोठ्या खड्ड्यात दोन्ही गुटके निसटले आणि गाडी पहिल्यापेक्षा थोडी जास्तच बसली.

भाऊंनी हिशोब केला होता की भर दुपारी गाव झोपलेलं असतं. एरवी असतंही. त्या दिवशी कमिटीची मीटिंग नुकतीच सुटली होती. गतिरोधकावर पिकअप चढली, उतरली, आणि हूक गतिरोधकाच्या पाठीत रुतून बसला. पुढची चाकं जमिनीवरून उचलली की काय, अशी गाडीची मान उंच. वर फ्लेक्सवरून भाऊ स्वतःच हात जोडून स्वतःकडे बघत होते.

माणसं जमली. कोणी घाई केली नाही. सगळ्यांनी आधी बूड पाहिलं.

"काय हाय भाऊ, सिमेंट?" एकाने विचारलं.

"नाही बे, कोबी दिसून नाही राह्यली काय तुले?" दुसरा म्हणाला.

मोतीरामांनी ताडपत्रीचं एक टोक उचललं, आत पाहिलं आणि अतिशय अदबीने पुन्हा सोडलं. "सुनबाईचं सामान दिसते."

"व्याह्याची हौस," भाऊ खिडकीतून म्हणाले. "म्या एक शब्द नाही बोललो."

"हाव, हाव. तुमी कायले बोलसान?" मोतीराम म्हणाले. "चला रे, चौघं मांगं बसा."

उपाय बरोबर होता. चार धडधाकट माणसं ट्रॉलीच्या शेपटाला कॅरेटवर बसली, तसं ट्रॉलीचं तोंड उचललं गेलं, हूक सुटला, पिकअपचं बूड वर आलं. पण ती उतरली तर गाडी पुन्हा बसणार, म्हणून घरापर्यंत त्यांना तसंच न्यायचं ठरलं. गाडी माणसाच्या चालीने निघाली. मागे चौघं कोबीवर, बाजूने मोतीराम पायी, आणि दारादारातून बाया बघताहेत. वरातीत एवढी माणसं नव्हती.

"मामाजी," अर्पिता सासऱ्यांशी पहिल्यांदाच बोलली. आवाज अगदी साधा होता. "बाबांना ऐकायला कमी येतं."

"हाव, माहीत हाय."

"म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो."

भाऊंच्या पायाखालचा क्लच थोडा सुटला. गाडीने एक गचका खाल्ला. मागून कोणीतरी म्हणालं, "आरामात भाऊ, आमी हावो ना."

"तुमचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो," अर्पिता म्हणाली. "काकू होत्या, आत्या होती."

बरीच घरं मागे गेली.

"वापस नेतो," भाऊ म्हणाले. "आत्ता फिरवतो गाडी."

"नका. बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलंय, व्याह्यांनी काही मागितलं नाही, मीच हौसेनं दिलं. आत्याला न बोलायची शपथ घातली. आता परत नेलं, तर ते खोटे पडतील."

घरासमोर भाऊंची बायको गीताबाई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. चौघं उतरली, गाडी मागून पुन्हा बसली, आणि मोतीरामांनी दोरी सोडायला घेतली. कपाट निघालं. फ्रीज निघाला. प्रत्येक वस्तूला "भाऊ, हे कुठं ठेवू?" असा प्रेमळ प्रश्न येत होता, आणि तो तीन घरं पलीकडे ऐकू जात होता.

भाऊंनी फोन काढला. ते ओट्यावर गेले नाहीत, आतही गेले नाहीत. गाडीला टेकून तिथेच उभे राहिले आणि साखरखेर्ड्याला फोन लावला.

"पोचलात का?" पलीकडून उत्तमराव.

"पोचलो. व्याही, म्या ते सामान मागाले नाही पाहिजे होतं."

"आवाज येईना."

भाऊंनी घसा साफ केला. दिवाण धरलेले दोघे थांबले. गीताबाईच्या ताटातलं निरांजन हललं.

"म्या मागितलं," भाऊ ओरडले. "फोन करून मागितलं. नाव सांगून सांगून मागितलं. चुकलं माह्यं."

मोतीराम हातातल्या दोरीची गाठ अगदी बारकाईने पाहू लागले.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, कोणी बाई खोकली. मग उत्तमराव म्हणाले, "फ्रीज आडवा नेलाय. लगेच चालू करू नका, जरा उभा राहू द्या." आणि फोन ठेवला.

भाऊ फोनकडे बघत राहिले. "ऐकू नाही गेलं वाटते," ते म्हणाले. "पुन्हा लावू काय?"

"ऐकलं त्यांनी," अर्पिता म्हणाली, आणि ओवाळून घ्यायला उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.