काठमांडूत बायजानं वाट काढली

माझी बायको बायजा, तिला जाऊन या पावसाळ्यात वर्ष झालं. लोक तिची भाताची रोवणी आठवतात, तिचं बोलणं आठवतात. मला काठमांडू आठवतं, म्हणून तेच लिहितो.

पंच्याऐंशी सालच्या थंडीत आसगाव-अड्याळकडची आम्ही बौद्ध मंडळी बुद्धाची ठिकाणं पाहायला निघालो. अड्याळच्या डोमाजींनी सगळं जमवलं होतं. लुंबिनी पाहून काठमांडूला आलो आणि रात्री एका गल्लीतल्या लहान विहारात उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच बस परत निघणार होती. पुढच्या रेल्वेचं सगळ्यांचं मिळून एकच तिकीट, ते डोमाजींच्या खिशात. बस कोणासाठी थांबणार नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

सकाळी बाजारातला स्तूप पाहायला पायी निघालो. धुकं असं की चार माणसांपुढचा माणूस दिसेना, वरून बारीक पाऊस. आमच्या सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यात होत्या. वंदनेला, चांगल्या कामाला आमच्यात पांढरंच नेसतात. बायजा आणि मी मागे राहिलो होतो, पुढच्या पांढऱ्या लुगड्यांवर नजर ठेवून चालत होतो. एका चौकात मालाची हातगाडी आडवी आली. ती सरली, तर पुढे पुन्हा पांढरी लुगडी दिसली. त्यांच्यामागे बरंच चाललो. उतार लागला, मग नदी आली, घाट आला. तिथं त्या बाया वळल्या आणि त्यांत एकही आमची नव्हती.

त्या मुलखात पांढरं सुतकात नेसतात, हे आम्हाला कुठून माहीत असणार? त्या कोणाच्या तरी दिवसांना नदीवर आल्या होत्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं बायजाचं लुगडं पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, तुझा नवरा कधी गेला?

बायजा म्हणाली, "हा काय उभा हाय माहा नवरा. थंडीनं कुडकुडून राहिला, पन हाय जित्ता."

म्हातारीला किती कळलं कोण जाणे. माझ्याकडे पाहून ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. बायजानं तिचा हात धरून ठेवला. मी घाई करत होतो, तरी तिनं तो लवकर सोडला नाही.

मग आम्ही वर चढलो. मी दिसेल त्याला विहार कुठं म्हणून विचारू लागलो. एकानं उजवीकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं डावीकडे. तिसरा हसला. म्हणाला, इथं गल्लीगल्लीत विहार आहे, तुमचा कोणता? आमच्या विहाराचं नाव मी वाचलंच नव्हतं, रात्रीचा अंधार होता. बायजाला तर वाचता येत नव्हतं. बस गेली तर या परक्या देशात आमचं कोण?

बायजा एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिनं हात जोडले आणि मोठ्यानं पालीतलं त्रिशरण, बुद्धं सरणं गच्छामि, म्हणायला लागली.

"अवं, लोक पाहून राहिले," मी म्हटलं.

"पाहू द्या. रोवण्यात पावसानं कोनी दिसत नाही तवा आमी कसं करतो? एक गाते, बाकीच्या झेलतात. आवाज येते तिकडं सरकाचं. इथं बी कोनी तरी झेलनच."

प्रत्येक गल्लीशी ती थांबायची, एक ओळ म्हणायची, कान द्यायची, पुढे जायची. दुकानदार फळ्या काढता काढता बघत राहिले. एक कुत्रं भुंकत मागे लागलं. तिचं लुगडं भिजून अंगाला चिकटलं, पण आवाज खाली आला नाही. सारी वंदना तिनं नुसती ऐकून पाठ केली होती. पौर्णिमेला आसगावच्या विहारात ती म्हणायला लागली की आवाज तलावाच्या पाळीपर्यंत जायचा. आता तिथं दुसऱ्या बाया म्हणतात. चांगलं म्हणतात.

बऱ्याच गल्ल्या झाल्या. मग एका उंच घराच्या लाकडी खिडकीतून कोणीतरी पुढची ओळ म्हटली.

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता. बायजानं लगेच त्याच्या पुढची ओळ म्हटली. खिडकीनं त्याच्या पुढची. असं करत दोघींनी सगळं पुरं केलं. मग गुलाबी चीवर घातलेली एक भिक्खुणी छत्री घेऊन खाली आली. तिला हिंदी येत नव्हती, आम्हाला तिची बोली येत नव्हती. पण कोण मेलं, असं तिनं विचारलं नाही. पांढऱ्या लुगड्याचा अर्थ तिला ठाऊक होता. बायजानं आपला पदर दाखवला, हातानं पुष्कळ बाया दाखवल्या. भिक्खुणीनं मान हलवली, अशा बाया कुठं उतरल्यात ते तिला ठाऊक असावं; तिनं बायजाचं मनगट धरलं आणि चालू लागली. मी दोघींच्या मागे.

आमच्या विहारापुढे बसचं इंजिन चालू होतं. डोमाजी पावसात उभे होते. मला पाहताच भडकले. "गुलाब, बाईमानसाले घेऊन कुठं भटकून राहिला होता बे? परदेश हाय हा."

मी म्हटलं, "मी नाही नेलं, डोमाजी. मले तिनं आनलं."

बायजा भिक्खुणीच्या पाया पडत होती. बायांनी तिला ओढून बसमध्ये घेतलं, कोरडं लुगडं दिलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि काय झालं ते विचारू लागल्या. तिचा घसा पार बसला होता. मग मी उठून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मागे जाऊन पुन्हा सांगितलं.