स्टोरेजची वाट

"दादा, पटकन ये. सगळं अडकलंय."

ऑफिसात धाकट्याने दादा म्हटलं, तेव्हाच ओळखलं, मोठं काहीतरी निस्तरायचं आहे. एरवी मी त्याला सर म्हणायचं आणि त्याने मला आडनावाने हाक मारायची, असं तो माझा साहेब झाला त्या दिवशीच ठरलं होतं. म्हणजे त्यानेच ठरवलं.

हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर तीन मोठ्या यंत्रांवर चालतात आणि त्यांचा डेटा पलीकडच्या स्टोरेजमध्ये असतो. मधल्या केबलवर या डेटासाठी मी वेगळी वाट राखली होती, आम्ही तिला व्हीलॅन म्हणतो. धाकट्याने भर दुपारी, या केबल जिथे जोडल्या जातात त्या स्विचवर, आणखी एक व्हीलॅन जोडायला घेतली. आहे त्यात भर घाल, हे स्विचला सांगायचं तो विसरला. स्विचने मुकाट्याने जुन्या सगळ्या वाटा पुसल्या आणि नवी तेवढी ठेवली. खाली रिपोर्टसाठी रांग लागली होती आणि डॉक्टरांचे स्क्रीन थिजले होते.

"बदलाआधी रीस्टार्टची वेळ लावून ठेवायची, शिकवलं होतं ना? चुकलं तरी स्विच आपोआप जुन्या सेटिंगवर येतो."

"आत्ता लेक्चर नको रे!"

मी वाटा परत घातल्या. सर्व्हर एकेक करत जागे झाले. धाकट्याने घाम पुसला आणि कॉलर नीट केली.

मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

"आमच्या सीनिअरकडून झालं," धाकटा माझ्याकडे न बघता म्हणाला. "वय होतं माणसाचं. सांभाळून घेऊ."

माझं डोकंच फिरलं. तरी चारचौघांत भावाचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसलो. घरी आईसमोर तरी खरं बोलेल, असं वाटलं. कसली वेडी आशा ती!

घरी पोचलो तर तो आधीच जेवायला बसला होता.

"ह्याने सांगितलं मला सगळं," आई म्हणाली. "तुझी एवढी चूक पोटात घातली बघ त्याने. लहान असून केवढं मन! नाहीतर नोकरी गेली असती तुझी."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. आता बोलेल, मग बोलेल. तो ताटातून मान वर काढेना. घास गिळता गिळता त्याला जोराचा ठसका लागला.

"दादा, पाणी," तो कसाबसा म्हणाला.

मी पेला भरला आणि त्याच्या हातापाशी ठेवला.