सतरा नंबरची लाईन

तेव्हा उदगीरच्या वाटेवरच्या त्या कसब्यात जेमतेम चाळीस फोन होते, आणि चाळीसही सिंधूच्या हाताखालून जायचे. नंबर कोण सांगतंय! "सिंधुअक्का, जरा मलप्पाच्या दुकानी लाव की," एवढंच. ती लाईन जोडायची आणि हेडफोन कानालाच ठेवून खुशाल ऐकायची. चोरून? छे! मधे बोलायचीसुद्धा. पोरीचं स्थळ असो की सुनेचे डोहाळे, लोकच म्हणायचे, "अक्का, ऐकून राहिलीस ना? मग तूच सांग." काय दिवस होते ते!

सगळ्यांत लाडकी लाईन सतरा नंबरची, आडतवाले अण्णाराव यांच्या घरची. त्यांची बायको पार्वतीबाई नांदेडला माहेरी फोन लावायची आणि भावापेक्षा जास्त सिंधूशीच बोलायची.

मग लातूर नवा जिल्हा झाला, आणि त्यातच पावसानं दडी मारली. सरकारी पाट्या रंगवून झाल्या, टँकर काही येईना. अण्णारावांनी ठरवलं, बायांचा घागर मोर्चा थेट नव्या कलेक्टर कचेरीवर न्यायचा. दिवस मात्र गुपित. आधी कळला असता तर पोलिसांनी त्यांना घरातूनच उचललं असतं.

एका सकाळी साध्या कपड्यातला एक माणूस एक्सचेंजमध्ये आला. "बाई, सतरा नंबरवर काय बोलणं होतं ते या वहीत लिहायचं. तुम्ही सगळं ऐकता, गावभर माहीत आहे. आणि त्या घरी हे कळलं, तर नोकरी गेली समजा."

नवरा गेल्यापासून सिंधूचं घर या नोकरीवर चाललं होतं. बरं, खोटं बोलायला जावं तर मेलीचा चेहराच सगळं सांगून टाकायचा. तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली: ऑपरेटरने संभाषण ऐकू नये. दहा वर्षांत त्या पाटीकडे कुणी बघितलं असेल तर शपथ!

"साहेब, नियम हाय तो," ती म्हणाली. "ऐका म्हणून लेखी हुकूम आणा, ऐकते."

तो तणतणत गेला. हुकूम काही आला नाही, तो मात्र रोज यायचा. "काय ऐकलं?" "काहीच न्हाई." आणि ते खरंच होतं. सतराची लाईन जोडली की सिंधू हेडफोन काढून टेबलावर ठेवायची. पार्वतीवहिनी काय बोलत असेल या विचारानं जीव नुसता कासावीस व्हायचा, पण तिनं हेडफोनला हात लावला नाही.

आणि मोर्चा निघाला! पोलिसांना पत्ता लागायच्या आत दोनशे बाया घागरी घेऊन कचेरीच्या दारात. आठवड्यात टँकर सुरू झाले. तो माणूस यायचा थांबला. सिंधूनं देवापुढं साखर ठेवली, हेडफोन कानाला लावला आणि सतराचा फोन येताच ओरडली, "वहिनी, जिंकलात की!"

"नांदेड लावा," पार्वतीबाई म्हणाली. "आन् तुमी तुमचं काम करा."

तुमी! सिंधूच्या अंगाची आग झाली. ज्यांच्यापायी नोकरी पणाला लावली, त्यांची ही तऱ्हा? तिनंही मग कारण विचारलं नाही. पुढं डायलचे फोन आले, सिंधूची बदली लातूरला झाली, अण्णाराव वारले. ती भेटायलासुद्धा गेली नाही.

पंधरा वर्षांनी लातूरच्या स्टँडवर बाकावर शेजारी येऊन बसली ती पार्वतीबाईच. पार्वतीबाईनंच आधी तोंड उघडलं.

"त्या साली तू एकदम गप झालीस, आन् तो साध्या कपड्यातला पोलीस रोज तुझ्याकडं येताना दिसायचा. आमी समजलो, ही आता सरकारसाठी लिहून घेऊन राहिली. मग मोर्चाचा एक सबूद फोनवर काढला न्हाई. सगळे निरोप माणूस धाडून दिले."

"वहिनी, लिहायला सांगितलं होतं," सिंधू म्हणाली. "म्हणून तर हेडफोन काढून ठेवत होते. तुमचं काही ऐकलंच न्हाई मी."

पार्वतीबाईनं सिंधूचा हात घट्ट धरला.

"आन् मी येडी," ती रडत म्हणाली, "पयले आठ दिस भावाशी बोलणं मधीच थांबवून तुला हाका मारून राहिले होते."