लक्षणे पूर्वीसारखीच

गॉजचा तुकडा चार इंच लांब, चार इंच रुंद. कालिंदीने पट्टी लावून पाहिला. मग दुसरा पाहिला, मग तिसरा. बारा तुकड्यांत एका धाग्याचाही फरक नव्हता. कडा आत दुमडलेल्या, सुटा दोरा कुठेच नाही. कात्री तर बोथट होती. तुरुंगाच्या दवाखान्यात बायकांच्या हाती तशीच देत असत.

"या घड्या कुणी केल्या?" तिने विचारले.

पहारेकरी बयाबाईने हनुवटीनेच कोपरा दाखवला. "ती की. आमची येडी."

कोपऱ्यात शालूबाई बसली होती. हुपरीच्या सयाजीची बायको, वय पंचवीस. तिने चोरी केली नव्हती, कुणाला मारले नव्हते. वेड्यांच्या इस्पितळात जागा होईपर्यंत हिला सुरक्षित ताब्यात ठेवावे, असा हुकूम होता, म्हणून ती तुरुंगात होती. जागा होईपर्यंतच्या या मुदतीला १९६९च्या फेब्रुवारीत अडीच वर्षे झाली होती.

कालिंदी या तुरुंगाची नर्स. विज्ञान घेऊन इंटर झालेली, कामात चोख. गोळी दिली की कैद्याला तोंड उघडून जीभ वर करायला लावायची, थर्मामीटर आणि सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. तिच्या दवाखान्यातून पाच वर्षांत एक सुई हरवली नव्हती. घरी मंगळवार पेठेत अर्धांगाने आडवे झालेले अप्पा होते आणि शिकणारा धाकटा भाऊ होता. घर तिच्या नोकरीवर चालत होते. नातेवाइकांत मात्र ती 'सरकारी दवाखान्यात' असते, एवढेच सांगितले जाई.

त्या दुपारी तिने शालूबाईचा कागद काढला. महिनाअखेरीची नोंद तिलाच करावी लागे. पहिली ओळ ऑगस्ट सहासष्टची, डॉक्टरांनी सांगून तिच्याकडून लिहवून घेतलेली: 'अन्न नाकारते. बोलत नाही. भोवतालचे भान नाही.' त्याखालच्या सगळ्या ओळी तिने आपल्या मनाने लिहिलेल्या होत्या: 'लक्षणे पूर्वीसारखीच.' अशा एकोणतीस. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत आणि कागदांचा गठ्ठा उभ्याउभ्या सही करून परत देत. वरची ओळ पाहून खालची लिहायची, ही तिथली रीतच होती.

तिने मग वजनाची वही उघडली. आली तेव्हा शालूबाई चौऱ्याहत्तर पौंड होती. आता शहाण्णव. अन्न नाकारणारी बाई बावीस पौंडांनी वाढत नाही. दोन्ही वह्या एकाच टेबलावर, एकाच हाताने लिहिलेल्या. तरी हे कधी दिसले नव्हते.

ती कोपऱ्यात जाऊन शालूबाईसमोर बसली. तू बोलतेस का, असे तिने विचारले.

"बाई, मी कवाच बोलाय लागले. इचारलंय कुणी?"

मग हळूहळू सगळे कळले. दीड वर्षात दोन मुले पोटातच गेली. दुसऱ्या खेपेनंतर तिचा घास उतरेना, शब्द फुटेना. दिवसभर ती रिकाम्या पाळण्याकडे पाहत बसे. सासूने अंगारे लावले, देवऋषी केले, शेवटी 'डोकं फिरलंय' म्हणून शेजाऱ्यांच्या साक्षीने कागद केले. इथे येऊन दोन महिन्यांत शालूबाई आपोआप माणसांत आली. दुःख ओसरले, कागद तसाच राहिला.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"पयल्यांदा वराडले की, मी येडी न्हाय म्हणून. तर समदी म्हणाली, बघा, येडी असल्याबिगार कोण वराडतंय? मग गप बसले. तर म्हणाली, बोलत न्हाय. आता तुमीच सांगा, शाण्या माणसानं हितं कसं वागायचं?"

"शाणी असतीस तर हितं आली असतीस व्हय?" बयाबाई दारातून म्हणाली आणि स्वतःच हसली. शालूबाईही हसली. ते हसणे अगदी साधे होते, शेजारणीशी हसावे तसे. कालिंदीला ते सोसवेना.

तिने डॉक्टरांना सांगितले. त्यांनी दोन्ही वह्या नीट पाहिल्या आणि मिटल्या. आज 'बरी' असे लिहिले तर आधीच्या तीस महिन्यांचे काय, असे ते म्हणाले. चौकशी लागेल, अक्षर तुमचे, सही माझी. माझे निवृत्तीला वर्ष राहिले आहे, तुमच्या घरी आजारी वडील आहेत. जागा झाली की ती जाईल इस्पितळात, तिथले लोक काय ते ठरवतील. ते वाईट गृहस्थ नव्हते. बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही, इतकेच.

मार्चच्या पहिल्या सोमवारी शालूबाईची आई, बाळाबाई, गारगोटीहून एस.टी.ने आली. दर महिन्याला ती येई आणि गजाबाहेरून लेकीला पाहून जाई. कालिंदीने तिला बाजूला घेतले. तुमची मुलगी वेडी नाही, तुम्ही अर्ज करा, मी सांगते कसा करायचा, असे म्हटले.

बाळाबाईने पदराने तोंड पुसले. "लेक माझी शाणी हाय, मला ठावं न्हाय व्हय? पर धाकटीचं लगीन ऱ्हायलंय. मालक म्हंत्यात, तिचं उरकूस्तवर थोरली हितंच ऱ्हाऊ दे. टाकलेली लेक दारात दिसली तर पावणं उंबऱ्यावर थांबायचं न्हाईत."

"आणि थोरली तुरुंगात आहे हे कळल्यावर थांबतील?"

"त्यास्नी सांगितलंय," बाळाबाई खाली बघत म्हणाली, "थोरली बाळंतपणात गेली."

ज्या घरात पाळणा हलत नाही तिथून सून हलवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कायद्याने दुसरी बायको बंद केली म्हणून रीत मोडली नाही. तिला फक्त कागद लागू लागले. बायको तीन वर्षे सलग वेडी, बरी न होणारी, असे ठरले की काडीमोड मिळतो. सयाजीला हे कुणीतरी समजावून दिले होते आणि तो वाट पाहत होता. शालूबाई आत असण्यात सगळ्यांचीच सोय होती. नवऱ्याची, बापाची, डॉक्टरांची. आणि कालिंदीची.

कारण फेब्रुवारीअखेर तिने लिहिले: 'लक्षणे पूर्वीसारखीच.' मार्चअखेरही तेच लिहिले. एप्रिलमध्ये पेन कागदावर टेकवून ती बराच वेळ बसली, मग तेच लिहिले. जुलैअखेर छत्तीस नोंदी पूर्ण झाल्या आणि ऑगस्टमध्ये सयाजीचा अर्ज कोर्टात गेला. सोबत त्या छत्तीस नोंदींच्या नकला होत्या. साक्षीला कालिंदीच्या नावाने समन्स आले. नोंदी आपल्या हातच्या आहेत, एवढेच सांगायचे, बाकी काही नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी औषधे वाटताना शालूबाईने तिला अडवले.

"उद्या कोर्टात जाणार म्हणं तुमी?"

"हो."

"मला न्हेणार न्हाईत. येड्या बाईला काय इचारायचं, म्हणत्यात. मग माझ्याबद्दल तुमालाच इचारणार की, कशी हाय म्हणून. काय सांगणार?"

कालिंदी औषधांचा ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे गेली.

कोर्टात पंखा फिरत होता. पुढच्या बाकावर सयाजी इस्त्रीच्या शर्टात बसला होता, शेजारी त्याची आई. शालूबाईच्या माहेरचे कुणी आले नव्हते. सयाजीच्या वकिलांनी कालिंदीला नकला दाखवल्या. या छत्तीस नोंदी तुमच्याच अक्षरातल्या ना? हो. तीन वर्षांत कुठे सुधारणा लिहिलेली दिसते? नाही. वकिलांनी समाधानाने मान हलवली आणि ते खाली बसले. न्यायाधीशांनी तिला जायला सांगितले.

ती गेली नाही. पिंजऱ्याची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"साहेब, मला आणखी सांगायचं आहे."

वकील उठले. प्रश्न विचारलेला नाही, असे म्हणू लागले. न्यायाधीशांनी त्यांना हाताने थांबवले आणि कालिंदीला समज दिली: जे सांगाल ते लिहून घेतले जाईल, ते तुमच्याविरुद्धही जाऊ शकेल. सगळे कळूनच बोलता आहात ना?

"कळून बोलते आहे," कालिंदी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "शालूबाई वेडी नाही. पहिल्या दोन महिन्यांनंतर ती वेडी नव्हतीच. त्यापुढच्या नोंदी मी तिच्याकडे न पाहता लिहिल्या. आणि शेवटच्या सहा तिच्याकडे पाहून, ती शहाणी आहे हे माहीत असून, खोट्या लिहिल्या."