घरची शाळा

टेबलावरून सरकत सरकत तो फोटो पुढ्यात आला, तेव्हा जयवंताबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. चष्मा स्वच्छच होता. पण चार क्षण हवे होते.

फोटोत मुख्याध्यापक कुंडलिक गुरुजी खुर्चीवर बसले होते. कपाळाला टिळा, हातात नारळ, खांद्यावर काळी करकरीत घोंगडी. शेजारी फेटा बांधलेले बिरदेव आबा हात जोडून उभे. खाली सतरंजीवर आबांची सून सारजा, आणि तिच्या मांडीवर गणवेशातली योगिनी. वाकड्या हाताची मूठ गालाशी धरून पोर मनापासून हसत होती.

"पालकांचं समाधान याहून वेगळं काय असतं, मॅडम?" शाळेचे वकील रणजित अदबीने म्हणाले. वयाने ते जयवंताबाईंच्या निम्मे. "घरून शिक्षणाचा पर्याय यांनी स्वतः घेतला. संमतीपत्रावर आजोबांची सही आहे. वर हा सत्कार. आपल्या भागात घोंगडी कुणाला देतात, हे मी आपल्याला काय सांगावं?"

ते काही खोटं नव्हतं. बिरदेव आबांनी मेंढरं विकून ऊस लावला त्याला बारा वर्षं झाली. घरच्या लोकरीची शेवटची घोंगडी अशा घरात पेटीच्या तळाशी जपलेली असते. ती एक तर देवाला जाते, नाही तर ज्याचे उपकार फिटत नाहीत त्याला.

जयवंताबाईंनी आबांकडे पाहिलं. आबा मान लांब करून फोटो न्याहाळत होते. हळूच म्हणाले, "झ्याक आलाय की. आमाला नुसता दावला व्हता, दिला न्हाय."

टेबलापलीकडे जिल्ह्याहून आलेले सुनावणीचे साहेब कागद उलटत होते. त्यांनी घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं थांबू. मग आजोबांना मीच विचारतो, त्यांचं समाधान होतं की नव्हतं. तेवढ्यावर निकाल होईल."

जयवंता गावडे बारामतीच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करत होत्या. वारसनोंदी, दाखले, सातबाऱ्यावरची चुकलेली नावं, अशी बेताची कामं. कधी पेपरात नाव नाही की गाडीवर दिवा नाही. सकाळचा पोथीचा अध्याय झाल्याशिवाय काळा कोट अंगात घालायचा नाही, गुरुवारी सूर्यास्तापर्यंत पाण्यावर राहायचं, हे नेम मात्र चुकले नव्हते. अपंग मुलांच्या शाळेचं पहिलं प्रकरण त्यांच्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणी घेतलं नाही. पुढची आली, कारण पहिलं आलं. आता तर बाररूममधली पोरंसोरंसुद्धा अशा आईबापांना दारातूनच सांगत, "त्या कोपऱ्यातल्या गावडेबाई. पोरांचं त्या बघतात."

सारजा जानेवारीत आली, तीही अशीच विचारत. बावड्याच्या अलीकडच्या वस्तीवरून निघून, इंदापुरात एसटी बदलून, अकरा वर्षांची पोरगी कमरेवर घेऊन. योगिनीचे पाय जन्मापासून ताठ. जीभही अडखळायची. बोलायची सगळं, पण समोरच्याने थांबायची तयारी ठेवली तर.

"पोरगी रोज दहाला गणवेश घालून दारात बसती," सारजाने सांगितलं. "रस्त्यानं पोरं जात्यात, ती हात करती. पंधरा दिसांनी एक बाई येत्यात. चित्र रंगवून घेत्यात, फोटो काढत्यात अन् जात्यात. म्हटलं, ही कसली शाळा? एक दिस उचलली अन् नेली वर्गावर. तर म्हणाले, हिचं नाव आता घरच्या शाळंत हाय. घरच्या शाळंत कोण असतं वो बाई? मी, मामंजी अन् कोंबड्या."

जयवंताबाईंनी पोरीला विचारलं होतं, "शाळेत तुला काय आवडायचं गं?"

योगिनीने ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. सारजा मधे बोलली नाही, बाईही नाहीत. बाहेर फळ्यावर टांगलेल्या दोन नोटिसा वाऱ्याने फडफडून शांत झाल्या, तेव्हा कुठे शब्द आला. "मधली सुट्टी."

त्या दिवशी बाईंना हसू आवरलं नाही. काम त्यांनी तिथल्या तिथे घेतलं.

पुढच्या खेपेला आबा आले, तेच मुळी एक अट घेऊन. "बाई, पोरीसाठी काय बी करा. पर गुरुजींच्या इरोधात एक अक्षर बोलायचं न्हाय. माझा नागेश, पोरीचा बाप, आज ट्रॅक्टर चालवतोय, कारखान्याची पावती वाचतोय, ते त्या माणसामुळं."

बाईंनी अट मान्य केली. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागितलं, शाळेचा दाखला मागितला, संमतीपत्राची नक्कल काढली. सगळं तपासलं. पण तुम्ही कुणाचा सत्कार केला होता का, हे पक्षकाराला विचारायचं त्यांना तीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

पंधरा मिनिटांसाठी सगळे बाहेर आले, तेव्हा इंदापूरच्या कचेरीच्या व्हरांड्यात मार्चचं ऊन तापलं होतं. सारजा बाकावर बसली होती. योगिनी तिच्या खांद्यावर झोपली होती. पायात शाळेचे काळे बूट होते, दोन वर्षांपूर्वीचे, बोटं वाकवून घातलेले. त्यांचे तळ मात्र दुकानातून आणल्यासारखे कोरे होते.

"आबा, घोंगडीचं मला सांगितलं नाहीत," जयवंताबाई म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचं? आहेर दिला असं कुणी सांगत फिरतंय व्हय?"

"मामंजी, त्या आहेरानंच बुडावलंय आपल्याला," सारजा पोरीची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाली. पण शब्द लागायचे तिथे लागले.

आबा खाली बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला. "गुरुजी घरी आले. म्हणाले, आबा, पोरीला तरास नको, मास्तरीणच धाडतो घरी. एवढा मोठा माणूस दारात आला. त्याला काय रिकामं धाडू?" मग त्यांनी वर पाहिलं. "आता साहेब इचारणार. मी काय बोलू, बाई? तुमी सांगाल ते बोलतो."

काय बोलायचं ते जयवंताबाईंना ठाऊक होतं. समाधान नव्हतं, भिडेपोटी सत्कार केला, एवढंच आबांनी म्हणायचं. म्हातारं माणूस, जेमतेम सही येणारं. साहेबांनी मानलं असतं. अशी उत्तरं याच असल्या व्हरांड्यांतून खालच्या आवाजात शिकवताना त्यांनी चांगल्या चांगल्या वकिलांना पाहिलं होतं. पोरीचं भलंच होणार होतं. मग अडत कुठे होतं?

गुरुवार होता. त्यांनी बाटलीतलं दोन घोट पाणी घेतलं, झाकण फिरवून फिरवून घट्ट केलं.

"आबा, तेव्हा जे वाटलं होतं ते सांगा."

"समाधान व्हतं म्हणून सांगू?"

सारजाने झटकन मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"होतं तर होतं म्हणा. पण अर्ध्यावर थांबू नका. कशाचं समाधान होतं, ते शेवटपर्यंत सांगा. साहेबांनी बसा म्हटलं तरी बोलणं पुरं करूनच बसा."

सारजाने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि बाईंकडे पाठ करून उभी राहिली.

आत गेल्यावर साहेबांनी फोटो उचलून दाखवला. "आजोबा, हा सत्कार तुम्ही केलात?"

"व्हय."

"कुणी करायला लावला?"

"लावतंय कोण? माझ्या हातानं घोंगडी घातली."

"म्हणजे तुमचं समाधान होतं."

"व्हतं, साहेब."

रणजित वकिलांनी पेनाला टोपण लावलं. जयवंताबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे खाली केले.

"बसा," साहेब म्हणाले.

आबा बसले नाहीत. "समाधान व्हतं, कारण मला वाटलं ही शाळंच्या वरची गोष्ट हाय. म्हंजी शाळा बी, अन् घरी बी. पोरगी आजारी पडली, दमली, तर घरी बाई येणार. जशी एखाद्या पोराला शिकवणी लावत्यात. मी म्हटलं, लई झालं. घरी बाई आली म्हंजी शाळा गेली, हे मला कुणी सांगितलंच न्हाय. तसं म्हटलं असतं तर मी सही केली असती व्हय?"

साहेबांनी कागदावरून मान वर केली. आबा मात्र आता त्यांच्याकडे बघत नव्हते. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलेल्या कुंडलिक गुरुजींकडे वळले होते. गुरुजी मे महिन्यात निवृत्त होणार होते. केस पांढरे, शर्टाला कडक इस्त्री.

"गुरुजी, नागेश मेंढरामागं गेला व्हता, तवा तुमी दोन दिस चालत आमच्या वाड्यावर आला. आठवतंय का? उघड्या रानात, मेंढरांत. मी म्हटलं, एक पोरगं न्हाय आलं तर शाळा काय बंद पडती? तर तुमी म्हणाला, आबा, माझ्या हजेरीतलं पोरगं हाय, मी मोकळा कसा जाऊ?" आबांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ही तर कुठं रानात बी गेली न्हाय. तुमच्या घंटेचा आवाज आमच्या दारात येतो."



जयवंताबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. साहेबांना पुढे वाकावं लागलं. "साहेब, कायद्यात घरून शिक्षण हा पर्याय आहे, मला मान्य आहे. मुख्याध्यापकांवर माझा आरोप नाही. पण पर्याय म्हटला की दोन गोष्टी समोर ठेवाव्या लागतात. यांच्यासमोर एकच ठेवली. जी संमती न कळता दिली, ती हे आज कळून परत घेतायत. अर्ज इथेच लिहून देते."

"मॅडम, भावना ठीक आहेत," रणजित वकील म्हणाले, "पण वर्ग वरच्या मजल्यावर आहे. जिन्याने रोज मुलीला..."

"ते मुख्याध्यापक सांगतील," साहेबांनी त्यांना थांबवलं. "गुरुजी, वर्ग खाली आणता येईल?"

गुरुजी उठायला वेळ लागला. "खाली एक खोली आहे. तिच्यात गॅदरिंगचं सामान भरलंय. पडदे, बाकं, वगैरे."

"रिकामी करायला किती दिवस लागतील?"

"अर्धा दिवस."

साहेब लिहू लागले. झालं असं सगळ्यांना वाटलं. पण गुरुजी खाली बसेनात. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो नुसताच हातात धरला. "दोन वर्षांपूर्वीसुद्धा अर्धाच दिवस लागला असता, साहेब," ते म्हणाले. "हे माझ्या जबाबात घ्या."

रणजित वकिलांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

जूनपासून योगिनी वर्गात बसेल, वर्ग खालच्या मजल्यावर भरेल, शाळा मदतीला मावशी नेमेल, असं साहेबांनी तोंडी सांगितलं. लेखी आदेश आठ दिवसांत. बाहेर आल्यावर आबा लगबगीने गुरुजींच्या मागे गेले आणि पायरीवर त्यांच्या पाया पडायला वाकले. गुरुजींनी पाय मागे घेतला. "नको आबा," एवढंच म्हणाले आणि उन्हातून स्टँडच्या दिशेने चालू लागले. आबांचे दोन्ही हात पायरीवर टेकले होते, ते त्यांनी तसेच कपाळाला लावले.

सारजा जयवंताबाईंजवळ आली. योगिनी जागी झाली होती. "मगाशी तुमचा राग आला व्हता," सारजा म्हणाली.

"ठाऊक आहे."

"अजून जरा हाय," म्हणाली आणि हसली.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी जयवंताबाईंचं इंदापूरच्या कोर्टात वारसाचं काम होतं, तेही दुपारचं. त्या सकाळच्याच गाडीने निघाल्या आणि पुढे जाऊन वस्तीच्या फाट्यावर उतरल्या. आदेश कागदावर निघाला म्हणजे पाळला जातोच असं नाही, म्हणून बघायला आले, असं त्यांनी नव्या मुख्याध्यापिकांना सांगितलं. ते खरं कारण होतं, पण सगळं नव्हतं.

प्रार्थना संपली होती. खालची खोली झाडून लख्ख केली होती. सारजाने योगिनीला कमरेवरून उतरवलं, हात असलेल्या खुर्चीत बसवलं, दप्तर बाजूला लावलं, झगा गुडघ्यावर ओढला. मग पुन्हा एकदा ओढला. शेजारच्या बाकावरची मुलगी योगिनीला काहीतरी विचारत होती. योगिनीने ओठ जुळवले, सोडले. ती मुलगी थांबून राहिली. उत्तर काय आलं ते दारातून ऐकू आलं नाही. आईकडे काही पोरीचं लक्ष नव्हतं.

मावशीने दार लोटून घेतलं.

सारजा अंगणात आली. फाटकापाशी उभी राहिली.

"चल," जयवंताबाई म्हणाल्या. "फाट्यापर्यंत सोबत जाऊ. मला गाडी आहे."

"तुमी व्हा म्होरं. मी येते हळूहळू."

"घरी काय काम आहे?"

सारजाने विचार केला. "काय न्हाय," ती नवलाने म्हणाली.

बाई फाट्याकडे निघाल्या. थोडं पुढे जाऊन त्यांनी वळून पाहिलं. सारजा उसाच्या कडेने वस्तीच्या वाटेला लागली होती. अकरा वर्षं वजन घेऊन घेऊन तिची उजवी कमर बाहेर निघाली होती आणि खांदा दुसऱ्या अंगाला कलला होता. ती अजूनही तशीच चालत होती, कललेली, उजवा हात कोपरात वाकवून, खाली कुणाला तरी आधार दिल्यासारखा.