टिकलीएवढं जहाज

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. मित्रांनो, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये, शोकेसच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. पृथ्वीगोल हे माझं पुस्तकातलं नाव. घरात मला ग्लोब म्हणतात. आजी, म्हणजे सुमित्राबाई, मला ‘गोला’ म्हणतात. आधी बर्फाच्या गोळ्याची आठवण येऊन मला राग यायचा. आता त्या हाकेवाचून करमत नाही.

माझा जन्म तळोज्याच्या एका शेडमधला. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या एकमेकींवर बसवल्या आणि वरून छापील पट्ट्या चिकटवल्या. त्या पट्ट्या होडीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. एक जरी केसभर सरकली तरी नदी तुटते, देश दुभंगतो. चिकटवणाऱ्या बाईंचा हात हलका होता, म्हणून माझी नर्मदा आजही अखंड वाहते आहे.

वाशीच्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात होतो. माझ्या शेजारी आत दिवा असलेला एक दिमाखदार गोल होता. सगळे आधी त्यालाच हात लावत. एके दिवशी निशांत आला. त्याच्याबरोबर त्याची बायको नंदिनी, पहिलीतली प्राची आणि आई सुमित्राबाई. निशांत जहाजावर इंजिनरूममध्ये काम करणारा, त्यामुळे त्याची पारख वेगळी. त्याने मला फिरवलं आणि डगमगतो का ते पाहिलं. मग पट्ट्यांचे जोड न्याहाळले, लहान अक्षरातली नावं वाचली, बैठक उचलून वजन अजमावलं.

“हा नको,” सुमित्राबाई म्हणाल्या. “वाकडा हाय. दुसरा सरळ दाखव.”

“मावशी, सगळे असेच येतात,” दुकानदार हसला. “पृथ्वीच तिरकी आहे.”

“मग आधी सांगायचं ना! मी उगाच सुनेला नावं ठेवते, फोटो वाकडा लावते म्हणून.”

नंदिनी तोंडावर पदर धरून हसली. अशा हशातच माझी खरेदी झाली.

मित्रांनो, मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. निशांत जहाजावर गेला की प्राची विचारायची, “बाबा कुठे?” नंदिनीने एकदा कपाळावरची टिकली काढली आणि माझ्यावर, श्रीलंकेच्या खाली, चिकटवली. “हे बघ, इथे.” तेव्हापासून ती टिकली म्हणजे निशांतचं जहाज. फोन आला की टिकली हलायची. फोनमध्येही जहाज दिसतं म्हणे, पण सुमित्राबाईंना ते पटत नसे. “बोट लावलं की पलतं ते. हा गोला बरा, हालत नाय.” मात्र पहिल्यांदा माझा निळा रंग नीट पाहिला तेव्हा त्या मटकन खाली बसल्या होत्या. खाडीकाठच्या गावात जन्म गेलेला, घरात मासेमारी. पण पाणी एवढं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “एवढ्या पान्यात माझा पोर?”

आता त्या वर्षाची गोष्ट सांगतो. निशांत नारळी पुनवेला घरी यायचा होता. सुमित्राबाईंनी समुद्राला वाहायचा नारळ आधीच आणून ठेवला होता. आणि तांबड्या समुद्रात धोका आहे म्हणून कंपनीने जहाज आफ्रिकेला वळसा घालून आणायचं ठरवलं. त्यात त्याच्या जागी येणारा माणूसही मिळेना, आणि तो आल्याशिवाय जहाज सोडता येत नाही. पुनव तर हुकणारच होती, पुढचंही काही खरं नव्हतं. निशांतने फोनवर नंदिनीला सांगितलं, “आईला इतक्यात बोलू नको. हाय खाईल.”

नंदिनी माझ्यासमोर उभी राहिली. टिकली युरोपच्या कडेला होती. तिने ती उचलली आणि नेहमीच्या जवळच्या, तांबड्या समुद्राच्या वाटेवर लावली. दोन दिवसांनी आणखी पुढे, मग आणखी पुढे. सुमित्राबाई स्वयंपाकघरातून यायच्या, टिकली बघायच्या, “आला की जवल!” म्हणून हसायच्या. नंदिनीही हसायची. मग बाथरूमचा नळ बराच वेळ वाहत राहायचा.

मला सगळं माहीत होतं, पण माझ्यावर समुद्र आहेत, मला वाचा नाही. टिकली अरबी समुद्रात शिरली. मुंबईचा ठिपका अगदी समोर आला. त्या दुपारी नंदिनीने टिकलीला नख लावलं, आणि मागून सुमित्राबाई म्हणाल्या,

“नंदिनी, आता पुढं नको सरकवू गो. जागा उरली नाय.”

नंदिनीचा हात तिथेच थांबला.

“किनाऱ्याला लागली की दार उघडायला जायला लागेल,” सुमित्राबाई म्हणाल्या. “दारात कोन नसेल.”

“आई... तुम्हाला माहितीये?”

“त्यानं मला कवाच सांगितलं. वर म्हनतो, नंदिनीला बोलू नको, तिला टेन्शन येतं. मला वाटलं तुला ठाव नाय. रोज टिकली पुढं नेते, खूश हाय बिचारी, म्हनून मी गप्प.”

“आणि मला म्हणाला, आईला सांगू नको!”

“शहाना! दोघींना एकच गुपित दिलं!”

आधी दोघी हसल्या. मग नंदिनी सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, नळ न सोडता. जरा वेळाने सुमित्राबाईंनी विचारलं, “खरा कुठं हाय तो?” नंदिनीने त्यांचं बोट धरून आफ्रिकेच्या टोकाच्याही खाली नेलं. सुमित्राबाईंनी स्वतः टिकली तिथे लावली, आणि निघू नये म्हणून अंगठ्याने अशी दाबली, की माझा पुठ्ठा आत गेला. मला दुखलं. पण मी मुळीच हललो नाही.

निशांत आला, पुनवेनंतर पुष्कळ दिवसांनी. आज प्राची बारावीत आहे आणि मला कुणी फिरवत नाही. खिडकीतल्या उन्हाने माझा एक गाल फिका पडला आहे. एका दिवाळीला ओल्या फडक्याने पुसलं, तर पॅसिफिकचे पोपडे निघाले. म्हणून सांगतो मित्रांनो, गोल घ्याल तेव्हा दिव्याला भुलू नका, जोड बघा. उन्हात ठेवू नका, कोरड्या मऊ कापडाने पुसा. आणि घरचं माणूस लांब असेल, तर त्याला माझ्यावर खोटंखोटं जवळ आणू नका. माझ्यावर सगळं जग चिमटीत मावतं, म्हणून तो मोह होतो. लांब आहे तर लांब दाखवा, पण दोघांनी मिळून बघा.

आणि कधी कुणी मला दुरुस्तीला नेलंच, तर रंग द्या, पोपडे चिकटवा, काय वाटेल ते करा. आफ्रिकेखालचा तो अंगठ्याचा खळगा तेवढा भरू नका.